फडकं कुणी सोडायचं

रविवार, २ मार्च

काका,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, आम्ही दोघी धडधाकट आहोत. तुझ्या त्या डोंगरात फोन लागत नाही म्हणून हा कागद खराब करतेय, नाहीतर तासभर तुझे कान खाल्ले असते.

बातमी अशी की मी कॉम्प्युटर बांधतेय. विकत नाही घेतला, बांधतेय! गेम खेळायचा, एकेक भाग निवडून आणलेला, माझा स्वतःचा. दातांच्या दवाखान्यात दिवसभर पेशंटची नावं टाइप करते ना, तिथलं डबडं एक पान उघडायला इतका वेळ लावतं की समोरच्या माणसाचा दात आपोआप पडेल. तेव्हाच ठरवलं होतं, घरी असं यंत्र आणायचं की ज्याला दम लागणार नाही.

बाबांच्या टेबलावर सगळं मांडलंय. कडेला त्यांच्या डागकामाच्या काळ्या खुणा आहेत, तिथे मदरबोर्ड, शेजारी ग्राफिक्स कार्ड, पंखे, आणि वायरींचा गुंता. काल प्रोसेसर बसवला. तो खोबणीत ठेवून दांडा दाबायचा असतो. दाबला तर असा करकर आवाज आला, काका, की हात मागेच घेतला. वाटलं, गेलं, सगळं मोडलं! मग वाचलं की तो आवाज येतोच.

आईचं विचारू नकोस. आपल्या अंगातली स्थिर वीज भागांना लागू नये म्हणून मनगटाला एक पट्टा बांधतात, त्याची वायर कॅबिनेटला. आईने ते पाहिलं आणि हातातली बादली दारातच सोडली. "हाताला वायर बांधून घेतलीस? शुद्धीवर आहेस ना?" समजावून समजावून थकले. आता ती दारात उभी राहते, आत येत नाही.

बाबांचं लाल फडकं मात्र काढलंय. तू त्यांच्याकडे शिकायला आलास तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी तुला हेच शिकवलं होतं ना? हात घालण्याआधी वीज बंद, बटणाला फडकं, आणि ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. मी प्लग काढते आणि भिंतीवरच्या बोर्डाला फडकं बांधते. तू रागावू नयेस म्हणून आधीच सांगितलं.

तुझी,
ठिणगी


शुक्रवार, ७ मार्च

ठिणगे,

रागावू कशाला? पत्र वाचून हसू आवरेना, आमच्या फिटरला वाटलं मला वर बढती मिळाली. बोगद्याहून वर काय असणार, नुसते ढग.

फडकं बांधतेस हे वाचून बरं वाटलं. तेवढं सोडू नकोस. आम्ही इथे बोगद्यात झिरपणारं पाणी उपसतो. पंप एक तास बंद पडला तर आतली माणसं गुडघाभर पाण्यात. म्हणून पंप उघडायचा तर घाई होते, आणि घाईत माणूस पहिलं काय विसरतो तर फडकं. मी अजून विसरलेलो नाही. विसरलो तर दादा वरून कान पिळेल.

तुझ्या यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण वायरी कुठेही जोर लावून खुपसू नकोस. नीट जागा असेल तिथे वायर आपणहून बसते. आणि दर टप्प्याला थोडं थांब, पाणी पी.

वहिनींना सांभाळून घे. त्या दारात उभ्या राहतात ती कटकट नाही, पहारा आहे. डाकेचा ट्रक निघालाय, ड्रायव्हर हॉर्न वाजवून डोकं उठवतोय. चालू झालं की कळव.

काका


बुधवार, १२ मार्च

भावोजी,

नमस्कार. हे पत्र मी तिच्या नकळत लिहितेय, उत्तर घरच्या पत्त्यावरच पाठवा पण वर माझं नाव घाला.

तुम्ही तिला लिहिलंत, पाणी पी, थांब, फडकं बांध. अहो, थांबव असं का नाही लिहिलंत? ती तुमचंच ऐकते. माझं ऐकलं असतं तर त्या टेबलाला हात लावला असता का? मी तीन वर्षं ते टेबल रोज पुसलं, पण त्याच्यावर एक टाचणीही ठेवली नाही. आता तिथे तिचे स्क्रू बशीत पडलेले असतात, अगदी ह्यांच्यासारखे. मला आत पाऊल टाकवत नाही.

फडक्याने काय होतं ते आपण पाहिलंय. ह्यांनीही बांधलं होतं. गोदामाच्या बोर्डाला बांधून आत हात घालून बसले होते. कुणा हमालाला वाटलं हे पुसायचं फडकं आहे, त्याने सोडून हात पुसले आणि अंधार आहे म्हणून मेन वर केला. वाईट काही मनात नव्हतं म्हणे! मनात नव्हतं तर नव्हतं, माझं माणूस गेलं ना? त्या माणसाला मी अजून शिव्या घालते. तोंड धुताना घालते, भांडी घासताना घालते.

तेच फडकं हिने काढलं. गोदामातून तुम्ही आणून दिलेल्या ह्यांच्या पिशवीतून काढलं, हत्यारांच्या खालून. मला हाताने धरवत नाही ते.

ही आता तिशीला टेकेल. पोरगी एवढी मोठी, आणि मी रोज संध्याकाळी ती त्या खोलीत शिरली की देवासमोर बसल्यासारखी भिंतीकडे बघत बसते. एक ओळ लिहा, "सगळं दुकानदाराकडून जोडून घे" एवढीच. तुमच्या पाया पडते.

वहिनी


शनिवार, १५ मार्च

वहिनी,

पाया काय पडता, लाज वाटते मला.

दोनदा लिहून फाडलं. तुम्ही म्हणता तशी ओळ मी लिहू शकत नाही. मी थांबवलं तर ती थांबेल, पण माझ्यापुरती. पुढचं तुमच्या आणि माझ्या पाठीमागे करेल, आणि लपून करताना कुणी फडकं बांधत नाही. त्यापेक्षा तुमच्या डोळ्यांसमोर होऊ दे.

दादा गेल्यावर मीही वीज सोडणार होतो. भीती मलाही वाटते वहिनी, रोज वाटते, पंपाच्या स्टार्टरचं झाकण उघडण्याआधी दोनदा मेन बघून येतो. पण भितो म्हणूनच नीट वागतो. तीही भिते. तिच्या पत्रात दिसतं ते.

तुम्ही तिच्याजवळ बसा. दारात नको, आत. वायर काय, बटण काय, ती सांगेल तुम्हाला. कळलं की अर्धी भीती जाते.

तुमचा,
धाकटा दीर


रविवार, २३ मार्च

काका,

मी खूप रडलेय, म्हणून अक्षर असं.

काल दुपारी सगळं जोडून झालं. प्लग लावला, स्वतः फडकं सोडलं, कॅबिनेटवरचं बटण दाबलं. पंखे फिरले! दिवे लागले, मॉनिटरवर अक्षरं आली. मी इतक्या जोरात किंचाळले की आई धावत आली, दारात थांबली आणि तोंडावर हात घेऊन परत गेली. संध्याकाळी मी थोडा गेम घातला, चालवून पाहिला. डोळ्यांवर विश्वास बसेना.

आज सकाळी बटण दाबलं, तर काही नाही. मेलेलं. ना पंखा, ना दिवा. भिंतीचं बटण चालू आहे, त्याच प्लगवर टेबललॅम्प लावला तर तो लागतो. म्हणजे वीज येतेय आणि माझं यंत्र घेत नाहीये. सगळं पुन्हा उपसलं. रॅम काढून बसवली. ग्राफिक्स कार्ड काढलं, प्रत्येक वायर खेचून पाहिली, पुन्हा जोडलं. मेलेलंच. कुठेतरी माझ्या हातून काहीतरी जळलं, काका. तो करकर आवाज आला होता ना, तेव्हापासून मनात पाल चुकचुकतच होती.

दुकानदार परगावी गेलाय, बारीक कामं बघायला मागे कुणी नाही. आणि खरं सांगू, त्याच्याकडे न्यायची भीतीही वाटते. तो म्हणेल, ताई, तुम्हीच बिघडवलंत.

नेहमी दहा शब्द सुनावणाऱ्या आईने जेवताना डोक्यावरून हात फिरवला फक्त. त्यानेच जास्त रडू आलं.

ठिणगी


शुक्रवार, २८ मार्च

ठिणगे,

रडणं पुरे. यंत्र आहे, माणूस नाही. एकदा चाललं म्हणजे तू जोडलंयस बरोबर. चुकीचं जोडलेलं पहिल्यांदाच चालत नाही. म्हणजे नंतर काहीतरी झालं.

दादाची रीत आठव. कुणाचंही काही बंद पडलं की तो आधी काय बघायचा? फ्यूज. लोक मोटारच गेली म्हणून डोकं धरून बसायचे आणि निघायची नखाएवढी तार. वीज भिंतीपर्यंत येते आणि पुढे जात नाही, म्हणजे मधे कुठेतरी तुटलीय. ती वीज घेणारी पेटी आहे ना, पॉवर सप्लाय, तिच्यात फ्यूज असणारच. तो बघ. प्लग काढून, फडकं बांधून, मगच.

आमच्याकडे रस्त्यावर दरड आलीय, ट्रक खोळंबतायत. पत्राला उशीर झाला तर रुसू नकोस.

काका


मंगळवार, १ एप्रिल

काका,

तू किती हुशार आहेस! मी वाचलं, त्या पेटीत खरंच फ्यूज असतो. आतच, सर्किटवर. जाळीतून टॉर्च मारून पाहिलं तर दिसतोसुद्धा, काचेची बारीकशी नळी. तिच्याच शेजारी दोन जाडजूड काळे डबे आहेत, माझ्या अंगठ्याहून जाड, त्यांच्यामधून स्क्रूड्रायव्हर घालून नळी काढावी लागेल.

येत्या रविवारी सुट्टी आहे, तेव्हा दुपारी पेटी उघडणार. "उघडू नका" असं स्टिकर आहे वर, पण ते सगळ्याच वस्तूंवर असतं. मी प्लग काढेन आणि फडकं बांधेन, काळजी नको. प्लग काढल्यावर आत काय राहणार?

फ्यूज निघाला ना, तर आयुष्यभर तुझे पाय चेपेन.

ठिणगी


मंगळवार, १ एप्रिल

भावोजी,

कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाहीये.

यंत्राला काही झालेलं नाही. त्याच्या मागच्या अंगाला, वायर शिरते तिथे, एक इवलंसं काळं बटण आहे. दुकानातूनच चालू होऊन आलेलं असणार, तिला ते माहीतही नाही. तुम्ही म्हणालात आत बसा, म्हणून ते सुरू झालं त्या शनिवारी ती झोपल्यावर आत गेले. ह्यांचं एक वाक्य डोक्यात बसलंय, काही कळलं नाही तर आधी बटण शोध आणि बंद कर. मी शोधलं आणि बंद केलं. एवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी ती रडली तेव्हा सांगणार होते. पण ती टेबलापासून उठली ना भावोजी, खोलीबाहेर आली, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की शब्द बाहेर पडेना. वाटलं चार दिवसांत नाद सोडेल. ती सोडत नाहीये. रोज उपसते, रोज जोडते, रोज स्वतःला मूर्ख म्हणते. मी आई आहे की कोण?

या रविवारी तिच्या नकळत बटण पुन्हा चालू करून ठेवणार आहे. ती दाबेल, चालू होईल, तिला वाटेल आपलं आपण सुधारलं. मला उघडं पाडू नका.

वहिनी


रविवार, ६ एप्रिल
खालच्या ऑफिसातून

वहिनी, ठिणगे, जिच्या हाती पडेल तिने वाचा,

शुक्रवारचा ट्रक दरडीमुळे आज सकाळी आला. दोघींची पत्रं एकाच पिशवीत. तिचं आधी वाचलं, मग वहिनींचं, आणि तसाच उठलो.

ठिणगे, ती पेटी उघडू नकोस. ते काळे डबे म्हणजे कपॅसिटर. आमच्या पंपांच्या स्टार्टरलाही असतात. प्लग काढला तरी त्यांच्यात वीज साठून राहते. फडकं बांधून काही उपयोग नाही, ती बोर्डात नसते, डब्यात असते. मी रोज त्या डब्यांना भितो आणि तुला फ्यूज बघ लिहिताना मला ते सुचलं नाही. माझ्या बोटांना काय झालं होतं देव जाणे.

आणि वहिनी, बटण बंद असतं तर इतक्या दिवसांत डबे बहुधा रिकामे झाले असते. तुम्ही ते आज चालू केलं असेल, तर ते भरलेले आहेत.

त्याच ट्रकने उलट खाली आलो, वाटेत पुन्हा दरड पडलेली, म्हणून अर्धा रस्ता पायी. ऑफिसात आल्यापासून फोन लावतोय. वाजतो, वाजतो आणि बंद होतो. वहिनींचा लावला, तिचा लावला, पुन्हा वहिनींचा. कुणी उचलत नाही. भिंतीवरच्या घड्याळात दुपार झालीय. कारकून म्हणतो, बाहेर गेले असतील. तुम्ही रविवारी कधी बाहेर जाता हो?

वर पंपावर माझ्याजागी कुणी नाही आणि बोगद्यात माणसं आहेत. दरडीपर्यंत जाणारा ट्रक निघतोय. मला जावं लागतंय. कारकुनाला सांगितलंय फोन लावत राहा. पत्र टाकतोय, पण पत्र पोचेल तेव्हा...

एक ओळ लिहा. दोघी आहात एवढंच.


शुक्रवार, ११ एप्रिल

भावोजी,

दोघी आहोत. आधी हे वाचा आणि मग बसा. तुमच्या कारकुनाकडे त्याच दिवशी, त्याचा फोन आला तेव्हा, निरोप ठेवला होता, पण त्याने तो वर पाठवला की खिशात ठेवला ते त्यालाच माहीत.

आता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

रविवारी ती आंघोळीला गेली तेव्हा प्लग भिंतीत लावलेलाच होता; मी ते काळं बटण चालू केलं आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. वाटलं होतं खालून किंचाळी ऐकू येईल, आनंदाची. बराच वेळ झाला, काही नाही. खाली आले तर तिने दाबून पाहिलंच नव्हतं. इतक्या दिवसांत तिची आशाच गेली होती. प्लग काढलेला, बोर्डाला लाल फडकं, पेटी बाहेर काढून टेबलावर, स्क्रू बशीत, झाकण बाजूला. आणि ती वाकून स्क्रूड्रायव्हर आत घालत होती.

मला कपॅसिटर वगैरे काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की हात तिचा आत आहे आणि बटण मी चालू केलंय. गोदामात हेच झालं होतं भावोजी, अगदी हेच. मी काय ओरडले मला आठवत नाही. ती म्हणते, मी ह्यांचं नाव घेऊन ओरडले. धावले आणि तिचं मनगट धरून मागे ओढली. खुर्ची पडली, आम्ही दोघी खाली बसलो. मी मनगट सोडेना.

फोन तेव्हाच वाजत होता. एकदा माझा, एकदा तिचा. ऐकू येत होता. पण उचलायचा तर तिचा हात सोडावा लागला असता, आणि मला ते जमेना. तुम्हाला तिकडे काय झालं असेल ते पत्र वाचल्यावर कळलं. माफ करा.

"आई, प्लग काढलाय, फडकं बांधलंय, काय झालं तुला?" ती विचारत होती. मी म्हटलं, "बटण मी चालू केलंय." ती म्हणाली, "कुठलं बटण?" मग सगळं सांगितलं. ती उठली, मागचं बटण पाहिलं, पुन्हा येऊन बसली. मला वाटलं ओरडेल. ती हळूच म्हणाली, "इतके दिवस मी स्वतःला नालायक समजत होते, आई." याच्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन वर्षं मी त्या हमालाला शिव्या घातल्या. त्याच्याही मनात वाईट नव्हतं. अंधार होता, त्याला उजेड हवा होता. रविवारी त्याच्या जागी मी होते. फरक एवढाच की माझं माणूस वाचलं. आता त्याला शिवी द्यायला तोंड उघडत नाही.

पेटी तशीच झाकून ठेवली. बुधवारी तुमचं पत्र आलं, तिने ते मोठ्याने वाचलं आणि "डबे भरलेले आहेत" इथे आली तेव्हा पुढचं मला वाचायला दिलं. दोन दिवस ती बोटं चोळत होती, जणू काही लागलंय. दुकानदार आलाय आता. त्याने उघडलेली पेटी काढून घेतली, तिला चार शब्द ऐकवले, मलाही ऐकवले, आणि दुसरी दिली.

आज संध्याकाळी ती पुन्हा जोडायला बसली. मी आत गेले. तिने लाल फडकं माझ्या हातात दिलं. "तू बांध," म्हणाली. "तू बांधलंस म्हणजे तुझ्याशिवाय कुणी सोडणार नाही. मीसुद्धा नाही." मला ते हातात धरवत नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. धरलं. बांधलं, दोन गाठी मारून. बोर्डाशेजारी स्टुलावर बसले आणि ती जोडत होती ते बघत राहिले. ही जाड वायर मदरबोर्डची, ही ग्राफिक्स कार्डची, हा पंखा. मागचं काळं बटण तिने मला दाखवून चालू केलं.

"झालं, आई. सोड आता."

माझे हात हलेनात. ती आली नाही, घाई केली नाही, गाठीला बोट लावलं नाही. टेबलापासून दूर जाऊन दोन्ही हात वर करून उभी राहिली, मला दिसतील असे. हेही ह्यांचंच. ते असेच उभे राहायचे, मी बटण दाबेपर्यंत. मी कधीच सांगितलं नव्हतं तिला, कुठून शिकली कोण जाणे.

किती वेळ गेला माहीत नाही. मी गाठी सोडल्या. भिंतीचं बटण खाली केलं. मग ती पुढे आली आणि तिचं दाबलं.

पंखे फिरतायत. ती आत बसून कुणातरी राक्षसाला बदडतेय आणि मधूनच त्याच्याशी भांडतेय. भीती गेली असं म्हणणार नाही, भावोजी. फडकं घडी करून माझ्या पदराखाली ठेवलंय आणि हे लिहितानाही कान तिकडेच आहेत.

ह्यांनी ठेवलेलं तिचं ते नाव मी कधी घेतलं नाही. वीज लागलेल्या घरात असलं नाव नको वाटायचं. आत्ता जेवायची वेळ झाली, ताटं घेतली, आणि तोंडातून आपसूक निघालं.

"ठिणगे!"

आतून लगेच ओ आली.

वहिनी